सुट्टीवरच्यांचा हुरडा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको, की ही बाई एवढ्यातेवढ्यावर भडकते. भडकते मी. नवरा फौजेत, घरात सासू आणि दोन पोरी, नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि तेही नेमकं माझी भाकरी तव्यावर असतानाच. भडकल्याशिवाय माझं एकही काम आजवर झालेलं नाही. आमच्या गल्लीत टँकरवाला माझ्या दारासमोर हॉर्नसुद्धा वाजवत नाही. गुपचूप गाडी लावतो आणि हळूच म्हणतो, "ताई, पाणी."

तर ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या फौजी लोकांत एक सुभेदारसाहेब आहेत. त्यांना पेन्शनीवर येऊन बरीच वर्षं झाली. कन्नडच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला त्यांचं शेत आहे. दर हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की ते शेतात तंबू ठोकतात, आणि जिल्ह्यातले जे जे जवान तेव्हा सुट्टीवर आलेले असतील त्यांना बायकापोरांसकट दोन दिवस राहायला बोलावतात. सगळे त्याला सुट्टीवरच्यांचा हुरडा म्हणतात. साहेबांचा नियम एकच, पण कडक. बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. रांधायचं पुरुषांनी, वाढायचं पुरुषांनी, खरकटं काढायचं तेही पुरुषांनीच.

शेजारणींकडून ह्या हुरड्याचं वर्णन ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आमच्या ह्यांना हिवाळ्यात सुट्टी मिळेल तर ना! एकोणीस वर्षांच्या संसारात कधी ऐन उन्हाळ्यात आले, कधी पोळ्याला आले, एकदा तर दिवाळी संपल्यावर तिसऱ्या दिवशी आले. हिवाळा कायम त्यांच्या बर्फातल्या चौकीनं खाल्ला. गेल्या वर्षी पहिल्यांदा डिसेंबरातली सुट्टी मंजूर झाली आणि साहेबांचा फोन आला.

फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं. एक हंडा काखेला, मोबाइल खांद्यानं कानाशी दाबलेला, धाकटी मोरीत पाइप धरून उभी, आणि आत्या आतून ओरडत होत्या, "अगं, पिंप भरलं का बघ, वाहून चाललंय!" आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. साहेब मात्र निवांत. त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी.

"भाभी, हवालदार आ रहा ना सुट्टी पे? यंदा हुरड्याला यायचंच. कित्ते जने?"

"चार," मी म्हटलं.

"चार? पक्का?"

"व्हय हो साहेब, पक्का! लिहा!" असं म्हणून मी फोन ठेवला आणि धाकटीच्या हातातला पाइप ओढून घेतला.

आत्या, थोरली, धाकटी आणि मी. झाले की चार. दुसरा आकडा माझ्या तोंडात येणार कुठून? लग्नाच्या पंगतीला आम्ही चार, रिक्षात चार, रोजची कणीक चौघींची. ज्या माणसाच्या सुट्टीमुळं बोलावणं आलं होतं, त्यालाच मी मोजलं नव्हतं. आणि खरं सांगते, ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी हे आले. बरोबर नेहमीची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आल्याबरोबर ट्रंक दिवाणाखाली सरकवली. मग सुट्टी संपेपर्यंत त्यांचा मुक्काम त्या ट्रंकेतच असतो म्हणा ना. सकाळी उठले की ट्रंक ओढायची, कपडे काढायचे, परत लावायची. दाढीचं सामान ट्रंकेत. टॉवेल वाळला की घडी घालून ट्रंकेत. चहा पाहिजे असेल तर दारात उभं राहून विचारणार, "चहा मिळेल का?" मी गल्लीत मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्या ह्यांची शिस्त बघा! घरातली एक वस्तू इकडची तिकडं करत नाहीत." शिस्तच समजत होते मी त्याला.

त्या वेळी ट्रंकेतून त्यांनी एक कागद काढला. दुपारची वेळ, पोरी शाळा-कॉलेजात, आत्या दारात उन्हाला बसलेल्या.

"पुढच्या वर्षी माझी चोवीस वर्षं भरतात," ते म्हणाले. "आणखी दोन वर्षं वाढवून पाहिजेत का नकोत, ते सही करून द्यायचंय. परत जाताना बरोबर न्यायचाय कागद."

"मग?"

"तू सांग."

आता बघा. एकोणीस वर्षं मी देवापुढं दिवा लावताना एकच मागत आले, की हा माणूस धडधाकट घरी येऊ दे आणि एकदाचा घरातच राहू दे. दुसरं काही मागितलं नाही. आणि आता समोर कागद घेऊन विचारतायत, तर माझं टाळकंच सरकलं. मी सांगायचं? म्हणजे उद्या घरात करमलं नाही, की माझ्या नावानं बोटं मोडायला मोकळे! मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. बास झालं, आता मला घरी यायचंय, एवढंच. ते म्हणायला काय जातं माणसाचं?

"तुमची नोकरी, तुम्ही ठरवा," मी म्हटलं, आणि भाकरी अशी थापायला घेतली की शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं गं?

त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवली. त्यावर आठ दिवस आम्हा दोघांतल्या कुणी एक शब्द काढला नाही. आत्यांना सगळं कळत होतं. मला एकटीला गाठून म्हणाल्या, "ये म्हण की गं तोंडानं. जीभ झडती व्हय?"

"त्यांना म्हणू दे ना, येतो म्हणून."

"लई अवघड हाय बाई तुमचं," म्हणून त्या शेंगा फोडत बसल्या.

हुरड्याचा दिवस उजाडला. सकाळी सहाला ह्यांनी आम्हा चौघींना दारात ओळीत उभं केलं. गळ्यात शिट्टी. हातात यादी.

"पाण्याच्या बाटल्या?"

"हजर!" धाकटी ओरडली. तिला हा प्रकार लई आवडतो.

"आईची औषधं?"

"मी काय रंगरूट हाय का रं?" आत्या म्हणाल्या, पण पिशवी उचलून दाखवली. थोरली बारावीला होती. तिच्या काखेत रसायनशास्त्राचं पुस्तक, तोंडावर बारा वाजलेले. मी तोंडाला पदर लावून हसत होते.

कन्नडच्या एसटीत आम्ही खिडक्या लावून, शाली गुंडाळून बसलो आणि हे मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. "ही कसली थंडी?" अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले. "आम्ही असतो तिथं चहा मगात ओतेपर्यंत त्याचा बर्फ होतो."

"स्वेटर घाल रं, वारं लागंल," आत्या म्हणाल्या.

"आई, ह्या वाऱ्याला मी भीत नाही."

कंडक्टरनं त्यांना सलाम ठोकला आणि मला डोळ्यांनीच विचारलं, हे असेच असतात का? मी म्हटलं, असेच. वेरूळ मागं पडलं, ऊन वर आलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या. माझ्या मनात आलं, आपण सगळे मिळून नुसतं फिरायला म्हणून कधी निघालो होतो? आठवेना. कुणाच्या तरी लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. नुसतं फिरायला हे पहिल्यांदाच, आणि मला इतका आनंद झाला की मी थोरलीच्या हातातलं पुस्तक काढून पिशवीत कोंबलं.

शेतात सात तंबू एका ओळीत. प्रत्येकाच्या तोंडाशी पाटी, पाटीवर खडूनं आकडा. आमच्या पाटीवर ४. आत चार खाटा, चार कांबळी, चार मग, चार ताटल्या. साहेब बाहेर रजिस्टर घेऊन उभे. पांढरी दाढी, डोक्यावर माकडटोपी, पण पाठ अशी ताठ की आपण आपोआप पोक सोडून सरळ उभं राहावं. त्यांनी शिट्टी मारली, सगळे फौजी गडी रांगेत उभे राहिले आणि एकेकानं आपल्या घरची माणसं सांगितली.

"हवालदार! फॅमिली?"

"पाच, साहब!"

साहेबांनी चष्मा वर केला. "रोल में चार है."

"पाच आहोत, साहब."

"भाभी?"

सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. मी तावातावानं बोटं मोजायला घेतली. "आत्या, थोरली, धाकटी, मी आणि..." आणि तिथंच थांबले. मेले मी! एकोणीस वर्षांचा नवरा समोर सावधानमध्ये उभा, आणि मी त्याचंच बोट मुडपायचं विसरलेली.

हशा पिकला नुसता. शेंद्र्याचा एक जवान तर गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. त्याची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, मी बी तीनच सांगितले होते. नंतर रातीला ध्यानात आलं, तवा परत फोन केला." दुसरी म्हणाली, तिनं घराच्या नेमप्लेटीवर नवऱ्याचं नाव टाकायचं विसरून स्वतःचंच टाकलं. म्हणजे आम्हा सगळ्यांचं गणित एकाच ठिकाणी चुकत होतं. हेही हसले. सगळ्यांत मोठ्यानं हेच हसले.

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली. "रोल में नाम नै, तो मेहमान. मेहमान को खाट नै, मेहमान को काम बी नै. हवालदार, बायकांमध्ये जाऊन बस!"

"साहब, मी कांदा चिरतो ना."

"नक्को. मेहमान कांदा चिरता क्या?"

मग काय! दोन दिवस आमच्या ह्यांची जी वरात निघाली, ती बघायला नशीब लागतं. बाकीचे गडी गोवऱ्या आणतायत, आगटी पेटवतायत, मसाला वाटतायत, आणि हे आम्हा बायकांच्या घोळक्यात सतरंजीवर मांडी घालून. उठायला गेले की कुणीतरी ओरडायचं, "मेहमान उठला! बसवा त्याला!" गंगापूरचा एक नायक हुद्द्याचा जवान मुद्दाम खांद्यावर टॉवेल टाकून, कमरेत वाकून विचारायचा, "मेहमानसाहेब, चटणी कशी वाटली?"

आणि हुरडा! आगटीत कणसं भाजायची, ती गरम गरम हातावर चोळायची, वरचं फोलपट फुंकून टाकायचं, आणि हिरवे कोवळे दाणे लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर. बोरं, पेरू, हरभऱ्याचे टहाळे मध्ये ढिगानं. माझ्यापुढं ताटली रिकामी झाली की लगेच भरत होती. मी दोनदा सवयीनं उठले, तर साहेबांनी काठी आडवी धरली. "भाभी, सालभर तुमची ड्यूटी. बैठो!" मला कुणी गरम वाढतंय आणि मी बसून खातेय, असं माहेरी शेवटचं झालं असेल. धाकटीनं चेहरा कोळशानं काळा करून घेतला होता, थोरली शेतातल्या पोरींबरोबर झोक्यावर होती, आत्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या आजीबरोबर गुडघ्याच्या दुखण्याची अदलाबदल करत होत्या. इतकं सुखाचं खाणं मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी शाल आणायला म्हणून मी तंबूत गेले, आणि तिथंच उभी राहिले.

ह्यांना खाट नव्हती. चार खाटांच्या पायथ्याशी जमिनीवर त्यांनी आपलं अंथरूण लावलं होतं. तंबूच्या दोरीला त्यांचा टॉवेल वाळत होता. फळांचं खोकं उपडं करून त्यावर दाढीचं सामान, कंगवा, चष्मा आणि धाकटीनं काढलेलं कसलंतरी चित्र. बांबूला दोरी गुंडाळून आरसा टांगलेला. आल्यापासून दोन तास झाले नव्हते. दोन तासांत ह्या माणसानं त्या तंबूत आपली जागा केली होती, ज्या तंबूत त्याच्या नावाची खाटसुद्धा नव्हती. आणि पडेगावच्या आमच्या घरात, जे त्यांच्याच पगारातून उभं राहिलं, तिथं त्यांचा टॉवेल ट्रंकेत.

मी डोळ्यांपुढं आमचं घर आणलं. दाराशेजारी भिंतीला चार खिळे. चार टॉवेल. कपाटाला चार कप्पे. वरच्या कप्प्यात जुनी वर्तमानपत्रं आणि बंद पडलेला मिक्सर. त्या मिक्सरला जागा होती. माझा मला एवढा राग आला, एवढा राग आला, की रडूच फुटलं.

डोळे पुसून बाहेर आले तर हे विहिरीच्या कठड्याजवळ एकटेच उभे होते. पाहुणेपणातून पाच मिनिटांची सुट्टी मिळाली असेल. मी जवळ गेले.

"चुकून झालं हो," मी म्हटलं. "पाणी आलं होतं तेव्हा नळाला."

"चूक कशाला?" ते हसत म्हणाले. "बरोबरच सांगितलंस तू. घरी पण मी पाहुणाच की. तुमचं चौघींचं सगळं कसं बसलंय. कुठला डबा कुठं, पाणी कधी, कुणाची फी कधी. मी मध्ये आलो की तुमची गाडी अडते. खरं सांगू? बर्फात भीती वाटत नाही मला. पेन्शनीवर येऊन सकाळी उठल्यावर घरात काय करायचं, ह्याची वाटते. तुम्हाला माझी गरज नाही राहिलेली."

म्हणजे हे होतं तर! आठ दिवस तो कागद ट्रंकेत का पडला होता, ते मला तिथं विहिरीजवळ कळलं. आणि मी भडकले. अशी भडकले की आगटीजवळची माणसं वळून बघायला लागली.

"गरज नाही? कोण म्हणतं गरज नाही? चारच असतो आम्ही घरात, म्हणून चार म्हणते! पाच म्हणायची सवय मला कुणी लावली? तुम्ही वर्षातून दोन महिने येणार, आणि तेही ट्रंकेत राहणार! पोरीला ताप आला तेव्हा मी डॉक्टरपुढं एकटी उभी राहिले, पत्रे उडाले तेव्हा मी एकटी वर चढले, ते काय मला हौस होती म्हणून? सगळं शिकले मी, कारण तुम्ही नव्हता. गरज नाही म्हणून नव्हे! मला तुम्ही घरी पाहिजे. ऐकायचं होतं ना? पाहिजे! काही काम करू नका. नुसते बसा. पण घरात बसा!"

एवढं बोलून मी थांबले. धाप लागली होती मला. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी महत्त्वाचं बोलणार असं वाटलं, आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग ओळीनं सात.

"घाल म्हटलं होतं ना स्वेटर!" आत्या सतरंजीवरून ओरडल्या.

संध्याकाळपर्यंत बर्फातला वाघ माकडटोपी घालून, आत्यांची शाल लपेटून आगटीला चिकटला होता. नाक लालभडक. साहेब म्हणाले, "क्या हवालदार, कन्नड की थंडी?" आणि सगळे पुन्हा लोळून लोळून हसले.  मग ह्यांनी आगटीपाशी जागा करून मला शेजारी बसवलं आणि चार माणसांत माझा हात धरून बसले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना साहेबांनी रजिस्टर उघडलं. "भाभी, रोल दुरुस्त करूं क्या?"

"थांबा साहेब," मी म्हटलं. "आधी घरचा करते."

घरी पोचल्याबरोबर मी ह्यांना आणि धाकटीला सर्दीचा बाम आणायला पिटाळलं. थोरलीला हाक मारली, पदर खोचला आणि दिवाणाखालची ट्रंक बाहेर ओढली. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला. वर्तमानपत्रं रद्दीत, मिक्सर भंगारात. ट्रंकेतले सगळे कपडे त्या कप्प्यात लावले, बनियनसुद्धा. दाढीचं सामान आरशाखालच्या फळीवर. मग घरातल्या सगळ्या जास्तीच्या रजया आणि गोधड्या त्या ट्रंकेत कोंबल्या, थोरलीला वर बसवलं, कडी लावली आणि तिघींनी मिळून ट्रंक माळ्यावर चढवली. आत्यांनी खालून काठीनं ढकलली. तो कागद मात्र मी टेबलावर ठेवला, वर पेन.

हे आले. बूट काढले, दिवाणाखाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"माझी ट्रंक?"

"माळ्यावर. रजया ठेवल्यात तिच्यात."

"आणि माझं सामान?"

मी कपाटाकडं बोट केलं. त्यांनी कपाट उघडलं.  एक शर्ट काढला, घडी बघितली, परत ठेवला. मग नाक पुसलं, डोळेही पुसले. सर्दीचं निमित्त होतंच.

"मग परत जाताना मी कशात नेऊ सगळं?"

"पिशवीत न्या. लागंल तेवढंच न्या. बाकीचं राहू दे इथं."

ते टेबलाशी बसले. थोरली, धाकटी, आत्या, सगळ्या दारात दाटीवाटीनं उभ्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, आणि 'इच्छुक नाही' असं लिहिलेलं होतं तिथं सही केली. सही करून झाल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बास झालं. मला घरी यायचंय." एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकलं, आणि मला उत्तर काय सुचावं? मी म्हटलं, "चहा टाकते."

"नको," ते म्हणाले. "मी टाकतो. साखर कुठं असते?"

चहा गोडमिट्ट झाला. पिऊन होतो न होतो तोच त्यांनी हातोडी शोधून काढली आणि दाराशेजारी चार खिळ्यांच्या ओळीत पाचवा ठोकायला सुरुवात केली. पहिल्याच घावाला ताटलीएवढं प्लास्टर खाली आलं. आत्या ओरडल्या, "अरं, भिंत पाडतो का काय!" भिंतीला पडलेला तो खड्डा अजून तसाच आहे. खिळाही आहे. त्यावर टॉवेलही आहे.

ह्या दसऱ्यानंतर ते कायमचे घरी आले. आता माझं आयुष्य सुखाचं आहे असं म्हणायला मी तयार नाही. पाण्याच्या दिवशी शिट्टी वाजते. पिंपांना नंबर पडलेत. परवा त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं लावले, त्यावरून आमचं एवढं वाजलं, की टँकरवाला आला तो तसाच पुढं निघून गेला. थोरली बारावी होऊन नर्सिंगला पुण्याला गेली, होस्टेलवर राहते. तिचा खिळा मोकळा झाला म्हणून मी त्याला बाजाराची पिशवी अडकवली, तर संध्याकाळी पिशवी खुंटीवर गेलेली आणि खिळ्यावर थोरलीचा जुना टॉवेल, धुऊन घडी घातलेला. 

आणि गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. पेन्शनीवर आल्यावर पहिल्या वर्षी बोलावणं असतंच, अशी त्यांची रीत आहे. नेमकं पाणी आलं होतं. माझ्या काखेला हंडा, धाकटीच्या हातात पाइप, फोन ह्यांनी घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"हवालदार, कित्ते जने?"

ह्या वेळी मी चुकणार नव्हते. मोरीतूनच मनाशी मोजलं. आत्या, धाकटी, हे आणि मी. "चार!" मी मोठ्यानं ओरडले. "चार सांगा!"

ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. एकदा दाराशेजारच्या खिळ्यांकडं बघितलं.

"पाच, साहब," ते म्हणाले. "थोरली सुट्टीवर येणार आहे. पक्का. लिहा."

मी हंडा घेऊन तशीच उभी.  पाणी पायावरून वाहत होतं, आणि आत्या आतून ओरडत होत्या, "अगं, पिंप भरलं का बघा कुणीतरी!"